धूर, पाणी आणि आपण

(परिसर अभ्यास : हवा व पाणी यांचे प्रदूषण – कारणे, परिणाम आणि उपाय)



'प्रदूषण' हा शब्द फळ्यावर लिहिला की आपल्या वर्गात उत्तरे भराभर येतात. मुंबईचे ट्रॅफिक, पुण्याच्या रिक्षांचा धूर, आजोळच्या नदीला येणारा वास. सुट्टीत भारतात जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. आयर्लंडचे नाव मात्र कोणी घेत नाही. हा हिरवागार देश, येथे पाऊस भरपूर, समुद्राचा वारा भरपूर, तेव्हा येथे कसले आले प्रदूषण, असा आपला समज असतो. त्यातूनच पुढे आणखी एक समज तयार होतो. काही देश मुळातच स्वच्छ असतात आणि काही मुळातच घाणेरडे, असे मुलांना वाटू लागते. आजच्या पाठात आपण हा समज तपासून पाहणार आहोत. त्यासाठी डब्लिनची एक खरी गोष्ट सांगतो.

१. प्रदूषण म्हणजे काय?

वरणात चिमूटभर मीठ घातले तर चव येते. मूठभर घातले तर वरण फेकून द्यावे लागते. मीठ तेच, फरक प्रमाणाचा. हवा आणि पाणी यांचेही तसेच आहे. हवेत धूळ थोडीफार असतेच, नदीत थोडे शेण-माती जातेच. वारा, पाऊस, झाडे आणि पाण्यातील सूक्ष्म जीव ही घाण हळूहळू निस्तरतात. पण त्यांच्या शक्तीबाहेर घाण येऊ लागली की ती साठते आणि माणसे, प्राणी व झाडे यांना अपाय करते. यालाच प्रदूषण म्हणतात. म्हणून प्रदूषणाचा अभ्यास करताना दोन प्रश्न नेहमी विचारावेत : किती? आणि कोठून?

२. डब्लिनचा धूर : कारणे

१९७० च्या दशकात जगभर खनिज तेलाच्या किमती भडकल्या. आयर्लंडमध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी तेल वापरणे महाग झाले. सरकारकडूनही तेलाऐवजी कोळशासारखे घन इंधन वापरण्यास उत्तेजन मिळाले. डब्लिनमध्ये घरोघरी फायरप्लेस होतीच. लोक त्यात कोळसा जाळू लागले. हा बिट्युमिनस नावाचा साधा कोळसा होता. स्वस्त, चटकन पेटणारा, पण फार धूर करणारा.

धूर का होतो? या कोळशात डांबरासारखे, उष्णतेने वाफ होऊन उडणारे पदार्थ पुष्कळ असतात. उघड्या फायरप्लेसमध्ये ते पूर्ण जळत नाहीत. अर्धवट जळालेले कण काजळी बनून धुराड्यातून बाहेर पडतात. शिवाय बरीचशी उष्णताही त्याच वाटेने निघून जाते. म्हणजे पैसे ऊब मिळावी म्हणून खर्च करायचे आणि त्यातली बरीच ऊब आकाशाला द्यायची, असा हा व्यवहार होता.

त्यात हवामानाची भर पडे. एरवी जमिनीजवळची गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि धुरालाही बरोबर नेते. पण हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन लवकर थंड होते. तिच्याजवळची हवा थंड व जड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा थर काम करतो. धूर वर जाऊ शकत नाही. आणि नेमकी अशीच रात्र कडाक्याच्या थंडीची असल्यामुळे त्या दिवशी प्रत्येक घर जास्त कोळसा जाळते!

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा धूर काही एखाद्या मोठ्या कारखान्याचा नव्हता. बहुतेक धूर साध्या घरांतून येत होता. मुलांना थंडी वाजू नये म्हणून आईवडील जी शेक पेटवत, तिचा तो धूर होता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एका घराचा धूर पाहिला तर तो नगण्यच वाटे. सगळ्या शहराचा मिळून तो जीवघेणा झाला.

३. परिणाम

धुरातील सर्वांत धोकादायक कण डोळ्यांना सुटे दिसतही नाहीत. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान अशा कणांना शास्त्रज्ञ 'पीएम २.५' म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीसहून अधिक कण शेजारी शेजारी बसतील. मोठी धूळ नाकातील केसांत आणि घशात अडकते. हे कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. दम्याचा त्रास वाढतो. म्हाताऱ्या माणसांच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण पडतो.

जानेवारी १९८२ मध्ये डब्लिनवर असाच दाट धूर साठला. त्या सुमारास सेंट जेम्स रुग्णालयात नेहमीपेक्षा अधिक रुग्ण दगावत असल्याचे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले. डॉ. ल्यूक क्लॅन्सी हे त्यांपैकी एक. त्यांनी धुराचे आकडे आणि मृत्यूचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. धुरामुळे मरण पावलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'धूर' असे कोणी लिहीत नाही. तेथे न्यूमोनिया किंवा हृदयविकार लिहिलेले असते. त्यामुळे हे मृत्यू एकेकटे पाहिले तर ओळखू येत नाहीत. सर्वांची मोजदाद केली तरच दिसतात. मुलांनो, गणित शिकायचे ते कशासाठी, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

लंडनने हा धडा आधीच शिकला होता. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे पाच दिवस धुरके साचले आणि हजारो माणसे मरण पावली. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

४. उपाय : १ सप्टेंबर १९९०

डब्लिनमध्ये काय करावे यावर अनेक वर्षे चर्चा झाली. अखेर पर्यावरण खात्याच्या त्या वेळच्या राज्यमंत्री मेरी हार्नी यांनी नियम काढला आणि १ सप्टेंबर १९९० पासून डब्लिनमध्ये बिट्युमिनस कोळशाच्या विक्रीवर बंदी आली.

'विक्रीवर' हा शब्द अधोरेखित करा. लाखो घरांच्या फायरप्लेसमध्ये काय जळते आहे हे कोणते सरकार तपासू शकेल? पण कोळसा विकणारे मोजकेच असतात. त्यांना तपासणे शक्य असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले मंडळी एक नियम पाळतो : चूक जितकी उगमाजवळ पकडाल तितकी ती दुरुस्त करायला सोपी आणि स्वस्त. डब्लिनच्या बंदीत हाच विचार होता. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यापेक्षा नळ बंद करावा.

पण नुसत्या बंदीने लोक थंडीत कुडकुडले असते. म्हणून पर्यायही होते. कॉर्कजवळच्या समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू १९८० च्या दशकात नळाने डब्लिनपर्यंत आला होता. धूर न करणारे कोळसे बाजारात होते आणि ते घेण्यासाठी गरीब कुटुंबांना भत्ता देण्यात आला.

परिणाम त्याच हिवाळ्यात दिसला. डॉ. क्लॅन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदीपूर्वीची सहा वर्षे आणि नंतरची सहा वर्षे यांची तुलना करून २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. हवेतील काळ्या धुराचे सरासरी प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते. श्वसनविकाराने होणारे मृत्यू वर्षाला सुमारे ११६ ने आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे सुमारे २४३ ने कमी झाले, असा त्यांचा हिशेब होता. २०१३ मध्ये याच आकड्यांची फेरतपासणी झाली. श्वसनविकाराच्या मृत्यूंतील घट तेव्हाही टिकून राहिली. हृदयविकाराचे मृत्यू मात्र त्या काळात इतर कारणांनीही सर्वत्र कमी होत होते, त्यामुळे त्याचे श्रेय बंदीला देता येत नाही असे दिसले. आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासणे ही शास्त्राची रीत आहे. तपासूनही जे उरले ते काही थोडे नव्हे.

ही बंदी १९९५ मध्ये कॉर्कला लागू झाली, मग एकेका शहराला, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पासून धुराच्या कोळशाची विक्री साऱ्या देशात बंद झाली. ओले लाकूड विकण्यावरही मर्यादा आली, कारण ओले लाकूड फार धुमसते. जून २०२५ मध्ये क्लेअर परगण्यातील मनीपॉइंट वीजकेंद्रानेही कोळसा जाळणे थांबवले. तरी काम संपलेले नाही. लाकूड, टर्फ आणि मोटारी यांच्या सूक्ष्म कणांमुळे आयर्लंडमध्ये आजही दर वर्षी हजाराहून अधिक माणसे अकाली मरण पावतात, असा येथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा अंदाज आहे.

५. आपल्याकडची चूल आणि आपल्याकडची हवा

डब्लिनच्या फायरप्लेसची बहीण म्हणजे आपल्याकडची चूल. महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान् पिढ्या बायकांनी लाकूड, काट्याकुट्या आणि शेणाच्या गोवऱ्या जाळून स्वयंपाक केला. भाकरी खरपूस झाली, पण फुंकणीने जाळ फुंकणाऱ्या आजीच्या डोळ्यांत आणि छातीत धूर गेला. त्या खोकल्याला 'वय झाले' असे म्हटले गेले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब कुटुंबांना गॅसची जोडणी मिळू लागली. तरीही सिलिंडर भरून आणणे परवडत नाही तेथे चूल पुन्हा पेटते. पर्याय नुसता असून भागत नाही, तो परवडला पाहिजे, हा डब्लिनचाच धडा येथेही लागू पडतो.

मुंबईत समुद्राचा वारा दिवसा हवा धुऊन काढतो. पण हिवाळ्यात वारा मंदावला की वाहने, कारखाने, बांधकामाची धूळ आणि जाळलेला कचरा यांचे मिश्रण शहरावर बसते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीने शहराचा मोठा भाग धुराने भरला होता. कारणे वेगळी, पण झाकण तेच.

६. पाण्याची गोष्ट

हवा सर्वत्र पसरते, पाणी मात्र वाट धरून वाहते. त्यामुळे पाण्यातील घाणीचा माग काढता येतो. पाण्याची तीन उदाहरणे पाहू.

(अ) गॉलवे, २००७ : त्या वर्षी मार्च महिन्यात गॉलवेत अनेकांना जुलाबाचा त्रास सुरू झाला. लॉख कॉरिब या सरोवरातून येणाऱ्या पिण्याच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला. 'लॉख' म्हणजे सरोवर. हा जीव माणसांच्या किंवा जनावरांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, आणि क्लोरीनने तो मरत नाही. पाणी उकळल्यावर मरतो. शहरातील लोक ऑगस्टपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने, पाणी उकळून पीत होते. २४० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. पाणी उकळून, गाळून पिणे ही आपल्या आज्यांची सवय येथील काही मुलांना जुन्या काळातली वाटते. श्रीमंत देशातील एका शहराला ती पाच महिने पाळावी लागली!

(आ) लॉख ने, २०२३ : आयर्लंड बेटावरील हे सर्वांत मोठे सरोवर. उत्तर आयर्लंडच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाणी येथून येते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर पसरला. नील-हरित शैवालाचा तो थर होता. शेतातील खत, शेणामुताची स्लरी आणि सांडपाणी यांतून फॉस्फरस व नायट्रोजन पाण्यात येतात. हे पिकांचे अन्न, तसेच शैवालाचेही अन्न. ते अतोनात वाढते. मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे गुदमरतात. काही शैवाल विषारीही असते. म्हणूनच आयर्लंडमध्ये हिवाळ्यात काही महिने शेतात स्लरी पसरण्यास मनाई असते. पिके वाढत नसताना ती पावसाबरोबर सरळ ओढ्यात जाते.

(इ) पंचगंगा : कोल्हापूरहून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळणारी आपली पंचगंगा. तिच्यावर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो. दिसायला सुंदर, पण लॉख नेच्या शैवालाचे आणि या जलपर्णीचे खाद्य एकच : शहरांचे सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेले खत. त्यात कारखान्यांच्या पाण्याची भर. २०१२ मध्ये याच नदीकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. जलपर्णी दर वर्षी काढतात आणि ती दर वर्षी पुन्हा येते. कारण फरशी पुसली जाते, नळ चालूच राहतो.

कायदे नाहीत असे मात्र नाही. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला, आणि हवेसाठीचा १९८१ मध्ये. उलट आयर्लंडमध्ये विकलो परगण्यातील आर्कलो गावाचे सांडपाणी कित्येक दशके शुद्ध न करता अव्होका नदीत सोडले जात होते. तेथील शुद्धीकरण केंद्र २०२४ च्या अखेरीस कामाला लागले. ईपीएच्या पाहणीनुसार देशातील नद्या, सरोवरे व खाड्यांपैकी जेमतेम निम्म्यांची स्थिती समाधानकारक आहे.

आता पहिला समज आठवा. कोणताही देश मुळात स्वच्छ नसतो आणि मुळात घाणेरडाही नसतो. जेथे लोकांनी घाण मोजली, तिचा उगम शोधून बंद केला आणि परवडेल असा पर्याय दिला, तेथे हवा-पाणी सुधारले. यांतील एक जरी पायरी गाळली तरी काम अडते. १९८२ मधील डब्लिनच्या मुलांना आपले शहर कधी निवळेल असे वाटले नसेल. तेव्हा आजोळच्या नदीविषयी बोलताना नाक मुरडू नका. 'येथे कोणती पायरी राहिली आहे?' असा प्रश्न विचारा.

७. आपण काय करू शकतो?

१) घरात फायरप्लेस किंवा लाकडाचा स्टोव्ह असेल तर तो केवळ शोभेसाठी पेटवू नये. पेटवायचाच असेल तर पूर्ण वाळलेले लाकूड वापरावे.
२) घरचा कचरा अंगणात जाळू नये. आयर्लंडमध्ये तो गुन्हा आहे.
३) शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना गाडीचे इंजिन बंद ठेवावे. त्याचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो.
४) चकल्या-करंज्यांचे उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. ते नळीत थिजते, गटार तुंबते आणि सांडपाणी नदीत उसळते. तेल बाटलीत भरून रिसायकलिंग केंद्रावर द्यावे.
५) गणपतीची मूर्ती शाडूची घ्यावी. विसर्जन घरी बादलीत करून माती बागेत घालावी. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही आणि काही रंगांत शिसे व पारा यांसारखे विषारी धातू असतात.
६) भारतात फोनवर बोलताना आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या नदीबद्दल विचारावे आणि ते लिहून ठेवावे. नदी पूर्वी कशी होती हे माहीत असले तरच ती किती बिघडली हे कळते.

शब्दार्थ

धुरके – धूर आणि धुके यांचे मिश्रण
काजळी – अर्धवट जळण्यामुळे तयार होणारी काळी पूड
वायुकोश – फुप्फुसातील हवेच्या अगदी लहान पिशव्या
परजीवी – दुसऱ्या जीवाच्या शरीरात राहून जगणारा जीव
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी
उगम – जेथून सुरुवात होते ती जागा
जलपर्णी – पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डब्लिनमधील बंदी कोळसा जाळण्यावर होती की विकण्यावर?
(आ) क्रिप्टोस्पोरिडियम कशाने मरतो?
(इ) पंचगंगा कोणत्या नदीला मिळते?

प्र. २. कारणे द्या.
(अ) थंड, निवांत रात्री धूर जमिनीजवळ साठतो.
(आ) जलपर्णी काढली तरी ती पुन्हा येते.
(इ) नुसती बंदी पुरेशी नसते, पर्यायही लागतो.

प्र. ३. प्रयोग करा. पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. दोन्हींवर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. एक तुकडा रस्त्याच्या बाजूला आणि एक मागच्या अंगणात, पाऊस लागणार नाही असा टांगा. आठवड्याने भिंगातून दोन्हींवरचे ठिपके मोजा. फरक का पडला ते चार ओळींत लिहा. (लक्षात ठेवा, पीएम २.५ कण या भिंगातूनही सुटे दिसणार नाहीत.)

प्र. ४. आई-बाबांच्या मदतीने ईपीएच्या तुमच्या घराजवळील हवा-मापन केंद्राचे आकडे सात दिवस रोज संध्याकाळी वहीत लिहा आणि आलेख काढा. शेजारी त्या दिवशीचा वारा व थंडी यांची नोंद ठेवा. आलेख कोणत्या दिवशी वर गेला आणि का, ते पुढच्या शनिवारी वर्गात मराठीतून सांगायचे आहे.